विमानाला धोका नातेवाइकांचा

आमचे शेजारी भटूभाऊ ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्याला पूर्ण प्रदक्षिणा घालतात. चारी चाकांना हात लावतात. डिझेलच्या टाकीत काडी बुडवून वर काढून बघतात, कारण काट्यावर त्यांचा विश्वास नाही. खाली वाकून तेल गळतंय का पाहतात, मागची पिन हलवतात, आणि मग सीटवर बसून एकेका वस्तूला बोट लावत मोठ्याने म्हणतात, "ब्रेक शे. क्लच शे. डिझल शे. माले झोप उनेल नही." शेवटी मान उंच करून आरोळी देतात, "पुढे कोनी शे का?" पुढे आमची म्हैस असते. ती रोजची आहे, ती हलत नाही.

मारुतीच्या देवळात नवे पुजारी आले तेव्हा त्यांनी हा प्रकार काही दिवस बघितला आणि मला हळूच विचारलं, "काकू, यांचा काही नवस आहे का ट्रॅक्टरला?"

मी म्हटलं, "नवस नाही महाराज. विमान आहे."

आता तुम्ही म्हणाल, ब्राह्मणपुरीत विमान कुठून आलं. आमच्याकडे पपई आहे, केळी आहे, ऊस आहे, भांडणं आहेत, विमान नाही. पण भटूभाऊंची एकुलती एक लेक हर्षदा शेजारच्या जिल्ह्यात विमान शिकवायच्या शाळेत आहे. ती छोटी विमानं हो, दोन-चार माणसांची, समोर पंखा फिरतो ती. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी पिठाच्या गिरणीला पंख लावलेत. पोरगी हुशार, धीट. गावाला तिचं कौतुक, तिच्या आईला अभिमान. आणि बापाला झाला रोग.

झालं असं की पहिल्या वर्षी दिवाळीला हर्षदा घरी आली, तर भटूभाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसले, कथेला बसतात तसे. मीही होते, फराळाचं ताट घेऊन गेले होते. या माणसाने तिला विमान उडतं कसं हे एकदाही विचारलं नाही. पडतं कसं, एवढंच विचारलं. ती बिचारी हसत हसत सांगत गेली. पेट्रोल संपून पडतं, पप्पा. ढगात घुसलं की वर-खाली कळत नाही म्हणून पडतं. वजन जास्त झालं, नाहीतर मागच्या बाजूला गेलं, तर पडतं. उतरताना वेग कमी असतो, तेव्हा कडक वळण घेतलं की पडतं. निघायच्या आधी नीट तपासलं नाही म्हणून पडतं. घरी पोचायची घाई केली म्हणून पडतं. भटूभाऊंच्या हातातली करंजी तशीच राहिली. शेवटी म्हणाले, "म्हंजे यंत्र बिचारं काही करत नही. पह्यले माणूस पडस, मंग इमान पडस."

झालं. त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या गल्लीत इतक्या वेळा ऐकू आलं आहे, की आमच्या पोपटाला येत नाही याचंच मला नवल वाटतं.

दुसरा माणूस घाबरला असता आणि पोरीला परत बोलावून घेतलं असतं. भटूभाऊंनी तसं केलं नाही. त्यांनी तिला जाऊ दिलं आणि आम्हाला सगळ्यांना विमान समजायला लागले.

त्यांच्यासोबत मी एकदा नंदुरबारला गेले होते, मिरच्या घ्यायला. स्टेशनबाहेर रिक्षा ठरवली. आधीच मागे एक मारवाडी सेठाणी बसलेली, चांगली भरभक्कम, मांडीवर पापडांचा डबा. भटूभाऊंनी रिक्षाला चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि तिला सरळ विचारलं, "बाई, तुमनं वजन कितलं?"

सेठाणी म्हणाली, "क्यूं? तौल के ले जाणो है के?"

"तसं नही. मांगे वजन जास्त व्हयनं म्हंजे नाक वर व्हस."

"किणरो नाक?"

"रिक्षानं."

मग त्यांनी मला पुढे रिक्षावाल्याजवळ बसवलं, तोल साधायला. म्हणजे माझं वजन त्यांनी न विचारताच धरलं. परक्या बाईला वजन विचारून हा माणूस सहीसलामत परत आला, ते केवळ सेठाणीला हसू आवरलं नाही म्हणून.

त्यांच्या बायकोचे, सुमनबाईंचे, काय हाल होत असतील विचार करा. पण ती बाई कच्ची नाही. सकाळी चूल पेटवायच्या आधी, म्हणजे गॅस हो, आम्ही अजून चूलच म्हणतो, ती मला ऐकू येईल असं, बोट लावत म्हणते, "गॅस शे. माचीस शे. दूध शे. नवरा शे, पन कामना नही."

गावातलं राजकारणही सुटलं नाही. आमच्याकडे एक पुढारी होते. आयुष्यभर एका पॅनलमध्ये राहिले आणि मतदानाच्या तोंडावर टुणकन दुसऱ्यात गेले. पारावर सगळे कोण जिंकणार यावर घसा फोडत होते. भटूभाऊ तंबाखू मळत म्हणाले, "उतरी ऱ्हायनात, येग कमी शे, आनि एकदम वळनात. पडतीन." पडले. डिपॉझिटसुद्धा मिळालं नाही. तेव्हापासून पुढारी भटूभाऊंशी बोलत नाहीत, जणू यांनीच पाडलं.

पण खरं भूत अंगात शिरलं ते माझ्या नणंदेच्या नातीच्या लग्नात. वऱ्हाड सारंगखेड्याचं. जेवणं झाली, निरोप झाले, मुलगी रडून झाली, आणि पश्चिमेकडून अशी धूळ उठली की मांडवाचं कापड उडून म्हशीच्या गोठ्यावर गेलं. मुलाकडचे म्हणाले, निघतो, तासाभरात पोचू. भटूभाऊंनी जाऊन टेम्पोची चावी काढली आणि बंडीच्या खिशात घातली.

मुलाचा मामा तापट. म्हणाला, "चावी द्या भाऊ. घर दोन पावलांवर शे."

"तेच ना. घर जवळ उनं का मानूसनी अक्कल जास. ढगमा घुसानं नही."

"आम्ही रस्त्यावरून जाई ऱ्हायनूत. ढगमातून नही."

"रस्ता दिखस का?"

रस्ता दिसत नव्हता. रस्ता सोडा, मामासुद्धा मला अर्धाच दिसत होता. शेवटी अख्खं वऱ्हाड राहिलं. मी आणि सुमनबाईंनी खिचडी-कढी टाकली, नवरी माहेरी परत जेवली, मामा भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी निघाले तर नाल्याजवळ भलामोठा लिंब रस्त्यावर आडवा पडलेला. भटूभाऊ खरे ठरले आणि इथेच सगळं बिघडलं. खोटे ठरले असते तर गावाला जरा उसंत मिळाली असती.

आता मुख्य गोष्ट. हर्षदाने त्या दिवाळीला सांगितलेल्या कारणांत एक कारण शेवटी हळूच सांगितलं होतं. ती म्हणाली, "आनि पप्पा, काही जन वळखीना घरवरून खाले येतस. मित्रले दाखाडाले, घरनासले दाखाडाले. खाले हात हालावनारावर ध्यान ऱ्हास, मंग तार दिखत नही, झाड दिखत नही."

इतर कारणांवर भटूभाऊंनी प्रश्न विचारले होते. यावर काही विचारलं नाही. उठून ओसरीवर गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, वारा नही, ईज नही, पाखरू नही. इमानले सगळ्यात मोठा धोका नातेवाइकना शे."

मी म्हटलं, "तो माणसालाही आहे हो. विमानाचं काय घेऊन बसलात."

ते हसले नाहीत.

यंदा हरभरा निघाल्यावर हर्षदाचा फोन आला. ती एकटीने लांबची फेरी मारणार होती, शेजारी मास्तर नाही, कुणी नाही. जाताना आमच्या बाजूने वरून जाणार. भटूभाऊ कानाने कमी ऐकतात म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. त्यामुळे तो फोन त्यांना आला तसा मलाही आला, मधे फक्त कुंपण.

"पप्पा, येकच चक्कर मारसु आपला वावरवर. तुम्हीन उभा ऱ्हा फक्त."

"नको."

"वरतूनच पप्पा. नियममा ऱ्हाईसन."

"वरतून तुले मी दिखाव नही. मंग तू थोडी खाले येशी. मंग मी दिखसु, तुन्ही माय दिखाव नही. मंग आखो थोडी. मी वळखस तुले."

पोरगी मग म्हणाली, "मंग तुम्हीन पाहाव नहीत का माले?"

"मी त्या दिन नंदुरबारले शे," असं म्हणून भटूभाऊंनी फोन ठेवला. नंदुरबारला त्यांचं काही काम नव्हतं, हे म्हशीलाही माहीत होतं.

सुमनबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझ्याकडे येऊन भांडी आपटत म्हणाली, "बाप शे का टोलनाका? पोर पह्यल्यांदा एकली उडी ऱ्हायनी आनि हाऊ म्हनस, सरळ जाय." तांब्या माझा होता, आपटत ती होती.

आणि गाव काही गप्प बसणारं नव्हतं. सरपंचांनी ठरवलं, गावची लेक गावावरून जाणार, तिला समजलं पाहिजे की गाव तिला ओळखतं. शाळेच्या पटांगणावर बँड. बायकांनी लाल साड्या नेसायच्या, वरून उठून दिसायला. आणि भटूभाऊंच्याच हरभऱ्याच्या रिकाम्या वावरात पांढऱ्या फक्कीने, लग्नात रांगोळीच्या रेघा ओढतात त्या, तिचं नाव काढायचं. भटूभाऊ बियाणं बघायला शहाद्याला गेलेले असताना आम्ही बायकांनी ते काढलं. एकेक अक्षर बैलगाडीएवढं. मी फक्कीचं घमेलं घेऊन 'ह' काढला आणि कंबर धरून बसले. सरपंचांना नावाखाली 'सौजन्याने' म्हणून स्वतःचंही नाव हवं होतं, पण फक्की संपत आली होती, म्हणून त्यांचं बारीक अक्षरात काढावं लागलं. ते वाचायचं तर पोरीला विमान वावरातच उतरवावं लागलं असतं.

संध्याकाळी सरपंचांनी पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढला आणि हर्षदाला पाठवला. तिचा लाल बदाम आला. सगळ्या गावाने तो बदाम बघितला.

सकाळी मी साडी नेसत होते तर ट्रॅक्टरचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर भटूभाऊ माती उलथायचा रोटाव्हेटर लावून वावरात. मी तशीच पळाले, पदर खोचत. जाईपर्यंत माझा 'ह' गेला होता. बाकीचं जात होतं. पांढरी फक्की काळ्या मातीत मिसळत होती आणि हा माणूस मान खाली घालून ओळीत ट्रॅक्टर चालवत होता, जसं काही पेरणीची घाई आहे.

रस्त्यावर माणसं जमली. सरपंच बांधावरून ओरडले, "भटूभाऊ, सोतानी पोरनं नाव पुसी ऱ्हायनात. लाज वाटस का काही?"

"वावर मन्हं शे," भटूभाऊ म्हणाले.

"पोर कोनी शे?"

भटूभाऊ वळले आणि सरपंचांच्या 'सौजन्याने'वरून रोटाव्हेटर नेला. माणसं काय काय बोलली ते मी लिहीत नाही. सुमनबाई तशीच शाळेकडे निघून गेली, आणि तिच्यामागे सगळे गेले. बँड तर ठरलेला होता, तो वाजणारच होता.

मी थांबले. मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते. पण ते ट्रॅक्टर थांबवून उतरले, खिशातून फोन काढला, नांगरलेल्या काळ्या मातीचा फोटो घेतला, आणि एका बोटाने कितीतरी वेळ काहीतरी टाइप करत राहिले. मग फोन माझ्यापुढे धरला. "वहिनी, बरोबर लिखेल शे का पाहा."

लिहिलं होतं, 'नाव पुसं. खाले पाहासारखं काही नही. सरळ जाय.'

मी म्हटलं, "आजच्या दिवशी दोन शब्द बरे लिहिता आले नाहीत?"

"हाई बरंच शे," ते म्हणाले आणि पाठवून दिलं. "अक्षर वाचाले खाले येवा लागस, वहिनी."

"अहो, शिकलेली पोरगी आहे. इतके महिने झाले. तिला एवढं कळत नाही?"

भटूभाऊ ट्रॅक्टरच्या सावलीत खाली बसले. ढेकूळ उचलून हातात फोडत राहिले. "वाऱ्यानी माले भीती वाटत नही. वारा तिले समजस. ढग समजस, पेट्रोल समजस. तिन्हा मास्तरनी बठ्ठं शिकाडं. पन खालतून माय हात हालावी ऱ्हायनी, बाप हालावी ऱ्हायना, आनि तरी सरळ जावानं... हाई कोनता मास्तर शिकाडी?"

मी बांधावर बसले.

आवाज आला. आधी भुंग्यासारखा, मग जरा भरदार. उगवतीकडून, तापीच्या अंगाने. शाळेकडे पोरांचा गलका झाला आणि बँड सुरू झाला, वरातीतलंच गाणं, त्यांना दुसरं येत नाही. मी उठून उभी राहिले, कपाळावर हात धरला. भटूभाऊ उठले नाहीत. मान खाली, डोळे दोन्ही पायांच्या मधल्या मातीवर.

"अहो, बघा की. आलं," मी म्हटलं.

"तुम्ही देखा."

"तुम्ही काय करताय?"

"मी आयकी ऱ्हायनू." आणि खरंच, मान कलती करून ऐकत होते, कमी ऐकणारा कान खाली आणि चांगला वर. "वर पाह्यं म्हंजे हात उठी मन्हा. मन्हं माले म्हाईत शे."

एवढ्या उंचावरून त्यांचा हात काय दिसणार होता. तिला ते ट्रॅक्टरसकट मुंगीएवढे दिसले असते. पण मी वर बघत होते. पांढरं, इवलंसं, घारीएवढं, पण घारीसारखं घिरट्या न घालणारं. शाळेवर बँड पेटला होता, लाल साड्या उडत असणार. विमान आलं आणि आमच्या डोक्यावरून पुढे गेलं. आवाज बारीक होत गेला. बँडही थांबला.

"गयं का?"

"गेलं."

"सरळ?"

"सरळ. बोटभरसुद्धा खाली आलं नाही."

त्यांनी श्वास सोडला. हातातली माती झटकली. मी म्हटलं, चला, आता घरी जाऊन बायकोची समजूत काढा. ते उठले नाहीत.

"पंख हालनात का?"

आता आली का पंचाईत. हलले होते. वरून रामराम करायचा तर विमानवाले असेच पंख हलवतात, हे हर्षदानेच एकदा सांगितलं होतं. आमच्या वावराच्या वरून जाताना एकदा एका अंगाला, एकदा दुसऱ्या अंगाला, लहान पोरगी खांदे उडवते तसे. पण सांगावं तर हा माणूस पुढचा महिनाभर पोरीला फोनवर झापणार आणि तो मला ऐकावा लागणार. मी म्हटलं, "जरासे हलले असतील. वारा असेल वर."

भटूभाऊंनी मातीची चिमूट घेतली, हात उंच केला आणि सोडली. ती सरळ खाली पडली.

"वारा नही शे आज," ते म्हणाले. मग जरा वेळाने, तोंड दुसरीकडे करून, "पह्यले कोनता हालना?"

"डावा. आपल्या बाजूचा. शाळा उजवीकडे राहते."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तोंडावरची धूळ पुसली, आणि धूळ निघून गेल्यावरही पुसत राहिले. मी बांधावरची काडी मोडत बसले. शाळेकडून माणसं परतत होती, लांबून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "आखो एक डाव सांगा. कशी गयी ते."

मी परत सांगितलं. या खेपेला डावा पंख मी जरा जास्त हलवला.